स्ट्रेंदनच्या प्रश्नात शेवटचे दोन पर्याय उरतात आणि दर वेळी चुकीचाच निवडला जातो

"मामा, परत तेच."

रविवारी मॉक, म्हणजे सराव परीक्षा, संपली की भाचीचा फोन येतो आणि सुरुवात हीच असते. परत तेच, म्हणजे स्ट्रेंदनचा, युक्तिवाद बळकट करायचा प्रश्न. चार-सहा ओळींचा युक्तिवाद, खाली चार पर्याय, आणि विचारलेलं असतं की यातला कोणता पर्याय खरा धरला तर युक्तिवादाला सर्वांत जास्त बळकटी मिळेल. दोन पर्याय ती झटक्यात उडवते. उरलेल्या दोनांत घुटमळते, एकावर गोल करते, आणि उत्तर निघतं नेमकं दुसरं.

मी इंदूरच्या रामबागेत सकाळी सात ते नऊ घरीच शिकवणी घेतो. क्लॅटची (कायद्याच्या प्रवेश परीक्षेची) मुलं जास्त, दोन-तीन बँकेच्या परीक्षेची, आणि सध्या एक जीमॅटवाला (एमबीएची प्रवेश परीक्षा देणारा), जो नोकरी सांभाळून येतो आणि कायम उशिरा येतो. यातल्या निम्म्यांना तरी हाच त्रास आहे. गंमत म्हणजे युक्तिवाद कमकुवत करायचा प्रश्न आला की हीच मुलं बरोबर सोडवतात. दुसऱ्याच्या बोलण्यातली खोट काढायला इंदूरच्या माणसाला क्लास लावावा लागत नाही. कोणाची बाजू भक्कम करायची म्हटलं की मात्र गाडी अडते.

"अजून प्रश्न सोडव" हा सल्ला इथे लागू पडत नाही. भाचीने दिवाळीनंतर दोनशेवर प्रश्न सोडवले, चुका होत्या तेवढ्याच राहिल्या. मग एका रविवारी तिची चुकांची वही घेऊन दोघं बसलो, तेव्हा उलगडा झाला.

आधी बघा, चूक कुठल्या फेरीत होते

मागच्या पंधरा-वीस चुका काढा आणि प्रत्येकीपुढे एवढंच लिहा: बरोबर उत्तर पहिल्या फेरीतच उडवलं होतं, की शेवटच्या दोनांत आलं होतं? आठवत नसेल तर पुढच्या मॉकपासून उरलेल्या दोन पर्यायांपुढे पेन्सिलीने टिंब द्या. दोन्ही चुका निकालात सारख्याच दिसतात, पण आजार वेगळे आहेत. शेवटच्या दोनांत येऊन हरत असाल तर खालचे पोहेवाला आणि मॉकवाला हे दोन भाग नीट वाचा. बरोबर उत्तर आधीच फेकून देत असाल तर त्यांच्या पुढचा.

पोहेवाल्याचा प्रश्न

हा मी शिकवणीत पहिल्या दिवशी घालतो.

राजवाड्याजवळ एका पोहेवाल्याने गेल्या महिन्यात साध्या पोह्यांबरोबर उसळ पोहे सुरू केले. त्याच महिन्यात त्याच्याकडचं गिऱ्हाईक वाढलं. तेव्हा गिऱ्हाईक वाढलं ते उसळ पोह्यांमुळेच.

अ. गर्दी आवरेना म्हणून पोहेवाल्याने याच महिन्यात हाताखाली आणखी एक पोरगा ठेवला.
ब. साध्या पोह्यांपेक्षा उसळ पोह्यांच्या प्लेटमागे त्याला जास्त पैसे सुटतात.
क. त्याच रस्त्यावरच्या, फक्त साधे पोहे विकणाऱ्या गाड्यांवर या महिन्यात गिऱ्हाईक वाढलेलं नाही.
ड. उसळ पोह्यांवर शेव आणि जिरावण (वरून भुरभुरायचा मसाला) जास्त लागतं.

ड कोणी घेत नाही. ब बहुतेक जण सोडतात. मग अ आणि क उरतात आणि अर्धी शिकवणी अ वर जाते. का, विचारलं तर उत्तर येतं, "सर, गर्दी खरंच वाढली हे त्यातून पक्कं होतंय ना." होतंय. पण गर्दी वाढली हे प्रश्नानेच सांगितलेलं आहे आणि आपण ते मान्य केलेलं आहे. त्याच्यावर कोणी शंका घेतलेलीच नाही. शंका आहे ती "मुळेच" या शब्दावर. त्या महिन्यात सणाची खरेदी असेल, राजवाड्यावर एकूणच वर्दळ वाढली असेल. तसं असतं तर शेजारच्या गाड्यांनाही त्याचा फायदा मिळाला असता. तो मिळाला नाही, असं क सांगतो, आणि दुसरं कारण असण्याची शक्यता कमी करतो. क मध्ये आपल्या पोहेवाल्याचं नावही नाही, म्हणून मुलांना तो बाहेरचा वाटतो.

आपल्याकडे न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, याचं जुनं उदाहरण आहे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून डोंगरावर आग आहे. धूर हा हेतू (दिलेलं कारण), आग हे साध्य (निष्कर्ष), आणि दोघांना बांधणारी व्याप्ती म्हणजे "जिथे जिथे धूर, तिथे तिथे आग, जसं स्वयंपाकघरात". आता या युक्तिवादाला टेकू तीन ठिकाणी देता येतो. "ते धुकं नाही, धूरच आहे" असं म्हटलं तर टेकू हेतूला मिळाला. "त्या डोंगरावर वणवे लागतातच" म्हटलं तर थेट साध्याला. आणि "आगीशिवाय धूर होत नाही" म्हटलं तर व्याप्तीला. परीक्षेत हेतू मान्य धरलेलाच असतो, त्यामुळे पहिला टेकू बहुतेक वेळा वाया जातो. साध्याला वेगळा पुरावा देणारा पर्याय कधीतरी बरोबर असतो. पण ज्या प्रश्नांत मुलं अडकतात, तिथे उत्तर बहुधा व्याप्तीशी असतं. पोहेवाल्याचा अ हा "धुकं नाही, धूरच आहे" या जातीचा आहे.

याच उदाहरणात आणखी एक सापळा लपलेला आहे. "जिथे आग, तिथे धूर" हे वाक्य ऐकायला तितकंच पटतं, पण इथे काही कामाचं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, या ओल्या सरपणाला उपाधी (लपलेली जास्तीची अट) म्हणतात. प्रश्न काढणारे हा उलटा पर्याय हमखास देतात, आणि घाईत वाचणारा माणूस दोन्ही शब्द जागेवर दिसले की खूश होऊन गोल करतो.

आता त्याच पोहेवाल्याचं शेवटचं वाक्य बदलतो: "तेव्हा त्याने उसळ पोहे चालूच ठेवावेत." पर्याय तेच. आता मघाशी हसत हसत सोडलेला ब एकदम वजनदार होतो, कारण चालू ठेवायचे की नाही यात प्लेटमागे काय सुटतं हा मुद्दा आलाच. हे करून दाखवलं की मुलं थोडी चिडतात. पण निष्कर्ष नेमका काय आहे हे न बघता पर्यायांकडे पळण्याची सवय एवढ्याने मोडते, निदान आठवडाभर.

निष्कर्ष ओळखण्यावरून एक आठवलं. क्लॅटचा पेपर इंग्रजीत असतो. "देअरफोर" आणि "हेन्स" पुढे निष्कर्ष येतो हे सगळ्यांना पाठ असतं. "सिन्स" आणि "बिकॉज" पुढे कारण येतं, हेही बहुतेकांना माहीत असतं. घोळ होतो तो "फॉर"वर. वाक्याच्या मध्ये स्वल्पविरामानंतर "फॉर" आला की त्याचा अर्थ "कारण" असतो, पण आपली मुलं तो "साठी" म्हणून वाचतात आणि कारणालाच निष्कर्ष समजून बसतात. भाचीच्या वहीतल्या दोन चुका निव्वळ या एका शब्दाच्या होत्या.

मॉकवाला प्रश्न: बाजू घेणारा पर्याय पाय ओढतो

हा मी मुद्दाम त्यांच्याच जिव्हाळ्याचा बनवला आहे.

एका क्लासमधले जे विद्यार्थी दर आठवड्याला मॉक देतात, त्यांना वर्षअखेर इतरांपेक्षा जास्त गुण मिळतात. म्हणजे नियमित मॉक दिल्याने गुण वाढतात.

अ. नियमित मॉक देणारे विद्यार्थी मुळातच जास्त शिस्तीचे आणि अभ्यासू असतात.
ब. वर्षाच्या सुरुवातीला घेतलेल्या चाचणीत दोन्ही गटांचे गुण जवळपास सारखे होते.

मुद्दाम दोनच पर्याय ठेवलेत, कारण घुटमळणं इथेच होतं. भाची म्हणाली, "मामा, अ मध्ये मॉक देणाऱ्यांबद्दल चांगलंच लिहिलंय की!" चांगलंच लिहिलंय, आणि तिथेच घात आहे. मुलं मुळातच अभ्यासू असतील तर गुण अभ्यासाने मिळाले असतील, मॉकने कशाला? अ हा मॉक देणाऱ्या मुलांची बाजू घेतो आणि मॉकने गुण वाढतात या दाव्याच्या पायाखालची माती काढतो. ब मध्ये कौतुक कोणाचंच नाही, एक रुक्ष माहिती आहे. पण सुरुवात सारखी होती म्हटल्यावर फरक मधल्या काळात पडला, हे मान्य करावं लागतं.

या एका चुकीवर मी जास्त वेळ घालवतो, कारण ती हुशार मुलांकडूनच होते. पर्याय वाचताना त्यांच्या मनात "हा कोणाच्या बाजूने बोलतोय?" असा प्रश्न चालू असतो. कॉलेजातल्या वादविवाद स्पर्धेत तो बरोबर आहे. इथे विचारायचं वेगळं: हा पर्याय खरा निघाला, तर दिलेल्या कारणावरून दिलेल्या निष्कर्षावर उडी मारायला मी आधीपेक्षा जास्त तयार होईन की कमी? अ खरा धरून बघा. पाय मागेच येतो.

कारण आणि परिणाम उलटे असण्याची शक्यताही याच घरातली. चांगले गुण मिळतात म्हणून मुलांना मॉक द्यायचा हुरूप येत असेल, असंही असू शकतं. ज्या पर्यायाने हे नाकारलं जातं, तोही बळकटी देतो. बघा, ब ने एका दगडात तेही केलंय.

दुसऱ्या प्रश्नप्रकारातून आलेल्या सवयी

बरोबर उत्तर पहिल्याच फेरीत उडवणाऱ्यांसाठी हा भाग. एका क्लासच्या झेरॉक्स नोट्समध्ये मी हे नियम ठळक अक्षरांत वाचलेत: "उताऱ्यात नसलेली माहिती असेल तर पर्याय बाद" आणि "ऑल, नेव्हर, ओन्ली दिसले की पर्याय बाद". हे नियम खोटे नाहीत, पण ते अनुमानाच्या प्रश्नांसाठी आहेत. उताऱ्यावरून काय निघतं, असं विचारलं असेल तर बाहेरची माहिती चालत नाही आणि टोकाचे शब्द संशयास्पद असतात.

स्ट्रेंदनच्या प्रश्नात दोन्ही गोष्टी उलट होतात. प्रश्नातच "खरं धरल्यास" असं म्हटलेलं असतं. पर्याय खरा आहे की नाही हे तपासायची जबाबदारी आपली नाही. आणि युक्तिवादात जे आहे तेवढ्यानेच तो भक्कम झाला असता, तर पर्याय कशाला लागला असता? नवी माहिती इथे येणारच. पोहेवाल्याच्या क मध्ये शेजारच्या गाड्या होत्या, त्या युक्तिवादात कुठे होत्या? टोकाच्या शब्दांचंही तसंच. "त्या रस्त्यावरच्या एकाही गाडीवर गिऱ्हाईक वाढलं नाही" हे "काही गाड्यांवर वाढलं नाही" पेक्षा जास्त बळ देतं. म्हणून जोरदार शब्दांना इथे घाबरू नका. उलट "काही" आणि "कधी कधी" असे मिळमिळीत पर्याय बघून सावध व्हा.

ही सवय सुटायला वेळ लागतो. भाचीने वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने "नवं चालतं" असं लिहून ठेवलंय.

दुसरा एक लाडका उपाय म्हणजे पर्याय नाकारून बघणं: पर्यायाच्या उलट वाक्य करायचं आणि युक्तिवाद कोसळतो का ते पाहायचं. गृहीतक शोधायच्या प्रश्नात हे उत्तम, कारण गृहीतक काढून घेतलं तर युक्तिवाद उभाच राहू शकत नाही. बळकटी देणाऱ्या पर्यायावर एवढी सक्ती नसते. "आणखी दोन भागांतल्या पोहेवाल्यांनी उसळ पोहे सुरू केल्यावर त्यांचंही गिऱ्हाईक वाढलं" हा पर्याय बळकटी देतो. तो नाकारला, म्हणजे दुसरीकडे कोणी असं करूनच पाहिलेलं नाही असं धरलं, तरी राजवाड्याचा युक्तिवाद आहे तिथेच राहतो. कोसळत नाही म्हणून असा पर्याय फेकणारी मुलं मी बघितलीत.

गावाचा अभिमान आणि तुलना

तुलनेवर उभे असलेले युक्तिवाद मी स्वच्छतेवर काढतो, कारण त्यात इंदूरची पोरं हमखास घसरतात. इंदूरने घरोघरी ओला आणि सुका कचरा वेगळा घेतला आणि शहर स्वच्छ झालं, तेव्हा अमुक शहरानेही तसंच केलं तर ते स्वच्छ होईल. याला बळकटी कशाने?

एक पर्याय असतो: इंदूर 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात सलग पहिलं येत राहिलं. हे खरंच आहे आणि वाचताना छाती फुगते, म्हणून हात तिकडेच जातो. पण याने टेकू मिळतो तो इंदूरबद्दलच्या अर्ध्या वाक्याला, जे मान्य केलेलंच आहे. दुसरा पर्याय कंटाळवाणा असतो: त्या शहरातही वेगळा केलेला ओला कचरा पचवणारा प्रकल्प आहे. इंदूरमध्ये देवगुराडियाला फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झालेला बायो-सीएनजी प्रकल्प दिवसाला 550 टन ओला कचरा घेऊ शकतो. वेगळा केलेला कचरा पुढे जाणार कुठे, याचं उत्तर त्या दुसऱ्या शहराकडे नसेल तर तुलना तिथेच तुटते. तुलनेच्या युक्तिवादात दोन गोष्टी कामाच्या मुद्द्यावर सारख्या आहेत असं सांगणारा पर्याय शोधायचा. लोकसंख्या सारखी, भाषा सारखी, राज्य तेच, असली साम्यं पुष्कळ दिली जातात आणि ती फसवी असतात.

पाहणीवरून काढलेल्या निष्कर्षांचं थोडक्यात सांगतो: ज्यांना विचारलं ते लोक सगळ्यांचं प्रतिनिधित्व करतात, असं सांगणारा पर्याय बघा. लायब्ररीत बसलेल्यांना विचारून शहराच्या वाचनाबद्दल बोलता येत नाही, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

बँकवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. तुमच्याकडे "अमुक करावं का?" असं विचारून खाली युक्तिवाद देतात आणि कोणता प्रबळ, कोणता दुर्बळ असं विचारतात. तो प्रकार निराळा आहे. तिथे युक्तिवाद मुद्द्याला थेट भिडतो का आणि त्याला वजन आहे का, हे बघायचं. वरचं सगळं तिथे जसंच्या तसं लावू नका.

वेळेचं आणि अंदाजाचं गणित

क्लॅटमध्ये 120 मिनिटांत 120 प्रश्न, त्यात लॉजिकलचे 22 ते 26, आणि चुकीला पाव गुण वजा. उताराही वाचायचा असतो, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभरही हातात नसतं. त्यामुळे मी मुलांना पर्याय वाचण्याआधी फक्त एक गोष्ट करायला लावतो: समासात निष्कर्ष तीन-चार शब्दांत आणि त्याच्यापुढे "पण" लिहून एक शंका. "उसळीमुळे गर्दी, पण सण?" एवढंच. सुरुवातीला यात वीस सेकंद जातात, महिन्याभरात पाच-सात. शेवटच्या दोनांत घुटमळण्यात जो वेळ जायचा, त्याच्यापेक्षा हे स्वस्त पडतं. उत्तर तुमच्या शंकेलाच भिडेल असं नाही, दुसरंच एखादं भगदाड बुजवेल, पण तोपर्यंत डोळे भगदाड शोधायला लागलेले असतात.

आणि दोनच पर्याय उरले असतील तर प्रश्न सोडू नका. दोनातून एक डोळे मिटून उचलला तरी सरासरी अर्धा गुण मिळतो आणि अर्ध्या वेळच्या चुकांपायी सरासरी गुणाचा आठवा हिस्सा जातो, म्हणजे प्रश्नामागे 0.375 गुण पदरात. भाची पूर्वी "निगेटिव्ह आहे" म्हणून असे प्रश्न कोरे ठेवायची.

सरावासाठी एलसॅटचे (अमेरिकेतल्या कायद्याच्या प्रवेश परीक्षेचे) जुने प्रश्न चांगले. ऑगस्ट 2024 पासून त्या परीक्षेतून कोड्यांचा विभाग गेला आणि लॉजिकल रीझनिंगचे दोन विभाग गुणांत धरले जाऊ लागले. तिथे पाच पर्याय असतात आणि भाषा घट्ट असते, त्यामुळे दिवसाला पाचच सोडवा. पण प्रत्येक चुकीपुढे "मला हा पर्याय का आवडला" हे एका ओळीत लिहा. बरोबर उत्तर का बरोबर, ते लिहून फारसं हाती लागत नाही, ते स्पष्टीकरणात छापलेलंच असतं. आपल्याला काय आवडतं ते कळलं की आपली खोड सापडते. जीमॅटवाल्याच्या वहीत चौदापैकी नऊ ठिकाणी "कारण हे खरं आहे" असं निघालं. तो जगाबद्दलचं खरं वाक्य निवडत होता, युक्तिवादाकडे बघतच नव्हता.

भाचीच्या मागच्या दोन मॉकमध्ये स्ट्रेंदनचे सगळे बरोबर आले. या रविवारी फोन आला तेव्हा नवीन निघालं: "मामा, ते 'एक सोडून बाकी सगळे बळकटी देतात, तर तो एक कोणता' वालं चुकलं." तिने युक्तिवादाला धक्का देणारा पर्याय शोधला. तसा एकही नव्हता, म्हणून सर्वांत कमी बळकटी देणाऱ्यावर गोल केला. उत्तर होतं ज्याचा युक्तिवादाशी काही संबंधच नाही असा पर्याय. बळकटी न देणं म्हणजे कमकुवत करणं असं नाही, नुसतं बाजूला बसून राहणंही त्यात येतं. तिला म्हटलं, पोहेवाल्याचा ड आठव, शेव-जिरावणवाला.

"तो मी पहिल्या सेकंदाला उडवला होता," ती म्हणाली. "अगं, म्हणूनच," मी म्हटलं.